कामाचा भार आणि कामावरचा अधिकार



या शाळेतून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांनी बडोद्यातील कचेऱ्यांत, कारखान्यांत, रेल्वेत आणि बँकांत नोकऱ्या केल्या. त्यांतील काही जण कामाने थकले, तरी उमलत गेले. काही जण हाताला फारसे काम नसतानाही सुकून गेले. असे का व्हावे, हा प्रश्न मी या स्मृतिव्याख्यानासाठी निवडला आहे. काम अति झाले की माणूस खचतो, हे त्याचे रूढ उत्तर. इतिहास मात्र अधिक खोल उत्तर देतो, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या शेजारी, अहमदाबादेत घडले आहे.

१९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कामाचा विचार व्यवस्थापकांनी करावा आणि कामगाराने आखून दिल्याप्रमाणे हात चालवावेत, अशी ती विचारसरणी होती. तिने उत्पादन वाढविले. पण कामाचे तुकडेही केले. त्याची किंमत १९५१ साली एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणकामगार राहिलेले केन बॅमफर्थ यांनी दाखवून दिली. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत पूर्वी दोन-तीन माणसांची टोळी सगळे काम आपल्या जबाबदारीवर पार पाडीत असे. यंत्रे आली, काम तीन पाळ्यांत विभागले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा आला. गैरहजेरी आणि मानसिक अस्वास्थ्य वाढले.

ट्रिस्ट ज्या टॅव्हिस्टॉक संस्थेत होते, तिचेच ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. तेथे १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसविले होते. पण अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. २२४ माग, सुमारे २९ माणसे आणि कामाचे प्रकार १२! विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे जोडणारा वेगळा. शिवाय प्रत्येकाकडील मागांची संख्याही निरनिराळी. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्यावर अवलंबून, तरी कोणी कोणाचा सोबती नव्हता. राइस यांनी सुचविले की, ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एकेका लहान गटाकडे सोपवावी. ही कल्पना कामगारांनी तत्काळ उचलली आणि गटही आपापसांत ठरविले. पुढे उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती. बदलला होता तो कामावरचा अधिकार.

या अनुभवाला पुढे सिद्धान्ताचे रूप आले. १९७९ साली रॉबर्ट कॅरासेक यांनी स्वीडन आणि अमेरिका येथील पाहण्यांच्या आधारे असे मांडले की, कामाचा भार आणि निर्णयाचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकत्र तपासल्या पाहिजेत. भार मोठा आणि स्वातंत्र्य अल्प असेल, तर ताण वाढतो. भार मोठा आणि स्वातंत्र्यही मोठे असेल, तर माणूस शिकतो, त्याची उमेद वाढते. दोन्ही अल्प असतील, तर असलेले कौशल्यही गंजते. स्वीडनमध्ये १९६८ ते १९७४ या काळात ज्यांचे काम असे निष्क्रिय होत गेले, त्यांचा फावल्या वेळातील आणि सार्वजनिक जीवनातील सहभागही घटलेला आढळला. कचेरीतली मरगळ माणसाबरोबर घरी येते, ती अशी.

स्वातंत्र्यामुळे भाराचा जाच कमी होतो, हा या मांडणीचा भाग नंतरच्या सर्वच संशोधनांत सिद्ध झालेला नाही. परंतु अधिकाराचा अभाव अपायकारक आहे, याला भक्कम आधार मिळाला. लंडनमधील १०,३०८ सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासातून १९९७ साली असे निष्पन्न झाले की, ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक.

अहमदाबादच्या कथेचा उत्तरार्धही ध्यानात ठेवावा. १९७० साली एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. एका खात्यात गटपद्धती जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती. अन्यत्र परिस्थिती बदलली, अडचणी वाढल्या आणि गटांची स्वायत्तता आक्रसत गेली. पुढे ती गिरणीही बंद पडली. कामगाराला दिलेला अधिकार एकदा देऊन भागत नाही. अडचणीच्या दिवसांत तो काढून घेण्याचा मोह आवरावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली आज माणसे काम करीत आहेत. त्यांना अवघड काम सांगण्यास संकोच करू नका. अवघड कामानेच माणूस घडतो. पण ते सांगताना, हे कसे करावे असे तुम्हाला वाटते, एवढे त्यांना विचारा, आणि त्यांचे उत्तर शक्य तितके अमलात येऊ द्या. हीच विनंती मी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या संदर्भात आणि व्यवस्थापकांना शिक्षकांच्या संदर्भात करतो. शाळा ही शिकण्याची जागा आहे. ती तेथे काम करणाऱ्यांसाठीही तशीच असली पाहिजे.