खासगी जागेतली निळी चौकट

मॉलमध्ये गाडी लावताना जमिनीवर रंगवलेली चाकाच्या खुर्चीची आकृती आपण पाहतो. सुझान कोफेड या डॅनिश विद्यार्थिनीने १९६८ मध्ये ती रेखाटली. पुढे तिला डोके जोडले गेले आणि ती जगभर पसरली. आकृती रंगवणे सोपे. पण जमीन दुकानदाराची असेल, तर ती चौकट राखायची कुणी?

अमेरिकेत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. तिथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई केली. त्याचे नियम निघेनात, तेव्हा १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलकांनी जवळजवळ महिनाभर ठिय्या दिला आणि नियम पदरात पाडून घेतले. खासगी दुकाने, हॉटेले मात्र १९९० च्या अपंग हक्क कायद्यापर्यंत त्या कक्षेबाहेरच राहिली.

नव्या कायद्याने मापे ठरवून दिली. पंचवीस गाड्यांपर्यंतच्या वाहनतळात किमान एक जागा राखीव, आणि तिच्या शेजारी पाच फुटांचा मोकळा पट्टा. मोठ्या व्हॅनसाठी आठ फुटांचा. हा पट्टा म्हणजे वाया गेलेली जागा, असे धडधाकट माणसाला वाटते. पण खुर्ची उतरवायची ती तिथेच. खरेदी आटोपून आलेल्या माणसाला त्या पट्ट्यावर दुसऱ्याची गाडी उभी दिसली, तर तो स्वतःच्याच गाडीत शिरू शकत नाही. ‘दोन मिनिटांचेच तर काम होते’ हे उत्तर त्याच्या काय कामाचे?

गंमत अशी, की हा कायदा मालकाला बांधतो. तिथे घुसणाऱ्या वाहनचालकाबद्दल काही बोलत नाही. एरवी वाहतुकीचे पुष्कळ नियम सार्वजनिक रस्त्यापुरतेच असतात, फाटकाच्या आत पोलिसांचा हात आखडतो. ही उणीव राज्यांनी आपापल्या कायद्यांनी भरून काढली. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने सार्वजनिक आणि खासगी असा भेदच ठेवला नाही: पहिल्याच गुन्ह्याला किमान २५० डॉलर दंड. मालक पोलिसांना कळवून गाडी उचलायलाही लावू शकतो. मात्र तशी ताकीद देणारा फलक आधी हवा. टेक्सासने तर खासगी मालकाच्या नोकरीतल्या परवानाधारक सुरक्षारक्षकालाही मालकाच्या आवारात तक्रार गुदरण्याचा अधिकार दिला. शिवाय किमान चार तासांचे प्रशिक्षण घेऊन शपथ घेतलेल्या सामान्य नागरिकांनाही तिथे या कामावर नेमता येते. पोलीस पुरणार नाहीत, हे ओळखूनच ही सोय केलेली दिसते, आणि मला ती शहाणपणाची वाटते.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९७० च्या कायद्यातून तिथे अपंगांसाठी नारिंगी, पुढे निळा बिल्ला आला. पण त्याच्या सवलती मुख्यतः रस्त्यापुरत्या. सुपरमार्केटच्या आवारातला वाद साधारणपणे मालक आणि चालक यांच्यातला करार मानला जातो. खासगी कंपन्या चाकांना कुलूप ठोकून पैसे उकळत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ मध्ये त्यावर बंदी आली. स्कॉटलंडने २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार नगरपालिकांनी खासगी वाहनतळांच्या मालकांकडे जाऊन राखीव जागा कायद्याच्या अंमलाखाली आणण्याची विनंती करायची असते. मालक नाही म्हणू शकतो.