घरगुती संगणकातील मालवेअर व ॲडवेअर यांचे निर्मूलन : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अकरा तालुक्यांचा बीड जिल्हा हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला आणि ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी होती. मुंबई-पुण्याच्या तुलनेत येथे संगणक घरात उशिरा आला. त्याच्यासोबत त्याचे विकारही आले. संगणक मंद होणे, न उघडलेल्या जाहिराती पडद्यावर येणे, फाइल दिसेनाशा होणे हे अनुभव लवकरच सर्वांच्या परिचयाचे झाले. या विकारांचा इतिहास सामान्यतः व्हायरस लिहिणाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या बाजूने लिहिला जातो. संगणकाच्या मालकाने या काळात काय गमावले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत शोधनिबंधात त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. घरगुती संगणकात उपद्रवी प्रोग्राम कोणत्या मार्गांनी पोहोचले, याचा आढावा घेणे.
२. त्यांच्या निर्मूलनाच्या पद्धती कालानुक्रमे तपासणे.
३. या पद्धतींचा घरगुती दस्तऐवजांवर झालेला परिणाम स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

फ्लॉपीचा काळ आणि पुण्यातील दुरुस्तीचे दुकान :

व्यक्तिगत संगणकावर मोठ्या प्रमाणावर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो. तो १९८६ मध्ये लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिला होता. फ्लॉपीच्या ज्या भागातून संगणक सुरू होण्याच्या सूचना वाचतो, त्या भागात तो जाऊन बसत असे. त्या काळी इंटरनेट सामान्य माणसाजवळ नव्हते. भारतात विदेश संचार निगमने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यापूर्वी व्हायरसचा प्रवास हातोहातच होत होता. एकाची फ्लॉपी दुसऱ्याने मागून घेतली की व्हायरसही त्याच्याकडे जाई.

महाराष्ट्रात यावरचा उपायही एका दुरुस्तीच्या दुकानातूनच निघाला, ही बाब लक्षणीय आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथील कैलास काटकर यांनी मॅट्रिकनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीची नोकरी धरली आणि पुढे स्वतःचे दुकान सुरू केले. दुरुस्तीसाठी येणाऱ्या अनेक संगणकांत यंत्राचा दोष नसून व्हायरसचा दोष आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहिण्यास प्रारंभ केला आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हा अँटिव्हायरस तयार झाला. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नोंदली गेली.

या उपायाचे तत्त्व सोपे होते. प्रत्येक व्हायरसमध्ये सूचनांचा एक ठरावीक क्रम असतो. तो क्रम ज्या फाइलमध्ये आढळेल ती बाधित समजावी आणि तेवढाच भाग कापून काढावा. मात्र यासाठी नव्या व्हायरसची ओळख अँटिव्हायरसला सतत पुरवावी लागते. ही ओळख, म्हणजेच अपडेट, जेथे वेळेवर पोहोचत नाही तेथे अँटिव्हायरस असूनही नसल्यासारखा ठरतो. बीडसारख्या जिल्ह्यातील पुढील इतिहास याच एका अडचणीभोवती फिरतो.

पेन ड्राइव्ह आणि अपुरे इंटरनेट :

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणकज्ञान आवश्यक ठरल्याने तालुक्याच्या गावीही त्याची केंद्रे निघाली. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा गावांत सायबर कॅफे, डीटीपीची दुकाने व फोटो स्टुडिओ यांच्याभोवती संगणकाचा वापर वाढला. अर्ज, लग्नपत्रिका, निकाल, छायाचित्रे आणि गाणी यांची ने-आण पेन ड्राइव्हने होऊ लागली.

विंडोज एक्सपीमध्ये डिस्क किंवा ड्राइव्ह जोडताच त्यातील ठरावीक फाइल वाचून पुढील क्रिया सुचविणारी ‘ऑटोरन’ ही सोय होती. उपद्रवी प्रोग्रामांनी नेमका तिचाच आधार घेतला. काहींनी फोल्डरच्या चित्राचे रूप घेतले. वापरणारा फोल्डर समजून त्यावर क्लिक करी आणि प्रत्यक्षात प्रोग्राम सुरू होई. मूळ फोल्डर मात्र लपविले जात. पुष्कळदा टास्क मॅनेजर व रजिस्ट्री एडिटर ही साधनेही बंद केली जात, म्हणजे ज्या वाटेने रोग शोधायचा तीच वाट अडवली जाई. जाणता कारागीर अशा वेळी संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करी, संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी तपासी, संशयास्पद फाइल काढी आणि ‘ॲट्रिब’ या आज्ञेने लपलेले फोल्डर पुन्हा दिसते करी. त्यातून सारा मजकूर वाचत असे. परंतु या कामास वेळ व ज्ञान दोन्ही लागत असे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील ९.५ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. परंतु इंटरनेटसह संगणक असणारी कुटुंबे केवळ ३.१ टक्के होती. म्हणजे सुमारे दोन तृतीयांश घरगुती संगणक इंटरनेटविना होते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये पेन ड्राइव्हवरील ऑटोरन बंद करणारी सुधारणा एक्सपीसाठी अपडेटद्वारे दिली. पण ती इंटरनेटवरूनच येत होती. ज्या संगणकांना पेन ड्राइव्हमुळे सर्वाधिक धोका होता, नेमक्या त्याच संगणकांपर्यंत ती आपोआप पोहोचणे शक्य नव्हते.

ॲडवेअर आणि संमतीचा प्रश्न :

इंटरनेट आल्यावर दुसरा उपद्रव सुरू झाला. ॲडवेअर म्हणजे जाहिराती दाखविण्यासाठी संगणकात बसविलेला प्रोग्राम. तो बहुधा मोफत गाणी, खेळ किंवा व्हिडिओ प्लेअर यांच्यासोबत येई, ब्राउझरचे मुखपृष्ठ बदली आणि तेथे नवी पट्टी जोडी. १९९९-२००० च्या सुमारास ‘ॲड-अवेअर’ व ‘स्पायबॉट’ ही ॲडवेअर काढणारी साधने उपलब्ध झाली. त्यांच्या लोकप्रियतेचा गैरफायदा घेऊन पुढे खोटे अँटिव्हायरसही निघाले. ‘आपल्या संगणकात शेकडो व्हायरस आहेत’ अशी भीती घालून ते पैसे मागत.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या अनुमतीवाचून संगणकात व्हायरस किंवा दूषित प्रोग्राम घालणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, अप्रामाणिकपणे वा कपटाने केलेल्या अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. परंतु ॲडवेअरची अडचण ‘अनुमती’ या शब्दातच होती. इंग्रजीतील लांबलचक करारनाम्याखाली वापरणाऱ्याने ‘आय ॲग्री’वर क्लिक केलेले असे. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने न वाचलेल्या, आणि वाचूनही न समजणाऱ्या, मजकुराला दिलेली ही संमती कागदोपत्री संमतीच ठरत असे.

‘फॉरमॅट’ : उपाय आणि हानी :

सफाईस वेळ लागतो, अपडेट नाही, वीज भारनियमनामुळे केव्हाही जाते आणि ग्राहकाला संगणक संध्याकाळी परत हवा आहे, अशा परिस्थितीत दुरुस्तीच्या दुकानांत ‘फॉरमॅट मारणे’ हाच रूढ उपाय झाला. हार्ड डिस्कचा विभाग पुसून विंडोज नव्याने टाकली की संगणक चालू होई. यात कारागिराचा हेतू वाईट नव्हता. अनेकदा तो मालकाला ‘डाटा काही आहे का?’ असे विचारीतही असे. पण आपला मजकूर सी ड्राइव्हवर आहे की डी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवरील फाइल नेमकी कोठे साठते, हे मालकालाच ठाऊक नसे. ‘काही नाही’ असे उत्तर देऊन घरी आल्यावर मुलीच्या लग्नाची छायाचित्रे गेल्याचे कळावे, अशी ही हानी होती.

मराठी मजकुराच्या बाबतीत हानी दुहेरी होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटमध्ये होत असे. फॉरमॅटनंतर तो फाँट पुन्हा बसविला नाही, तर वाचलेली फाइलही निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात उघडत असे. अर्ज, पत्रव्यवहार, वंशावळ, पतसंस्थेचे ठराव असे कागद संगणकात असूनही वाचता येत नसत. याच जिल्ह्यात, अंबाजोगाई येथे, संतकवी दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी चार शतके टिकून आहे. तेथील घरांतील पाच वर्षांपूर्वीचा संगणकीय मजकूर मात्र दुरुस्तीच्या एका दिवसात नाहीसा होत होता.

अलीकडील बदल :

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे मालवेअर काढणारी साधने विनामूल्य मिळतात आणि त्यांच्या निर्मितीत क्विक हीलचाही सहभाग राहिला. विंडोजमध्ये २०१२ पासून अँटिव्हायरस अंगभूतच येऊ लागला. त्यामुळे ‘फॉरमॅट’ची आवश्यकता पुष्कळ कमी झाली. परंतु मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर मालवेअरने वेगळा धडा दिला. तो फाइल कूटबद्ध करून पैसे मागत असे. अशा वेळी प्रोग्राम काढून टाकला तरी मजकूर परत येत नाही. वेगळी ठेवलेली प्रतच कामास येते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा थांबल्याने जुन्या घरगुती संगणकांपुढे अपडेटचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

निष्कर्ष :

१. इंटरनेटची व्याप्ती कमी असलेल्या काळात घरगुती संगणकातील मालवेअर मुख्यतः ओळखीच्या माणसांच्या हातून, फ्लॉपी व पेन ड्राइव्हद्वारे पसरला.
२. रोग हातोहात पोहोचला. त्यावरचा उपाय मात्र इंटरनेटवर अवलंबून राहिला. ही तफावत हेच ‘फॉरमॅट’ रूढ होण्याचे प्रमुख कारण होय.
३. सर्वाधिक हानी यंत्राची झाली नाही. ती घरातील छायाचित्रांची व मराठी कागदपत्रांची झाली, आणि तिची नोंद कोठेही झाली नाही.
४. यासाठी निर्मूलनाची पहिली पायरी मजकुराची प्रत काढणे हीच मानली पाहिजे आणि ती संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमात मराठीतून शिकविली पाहिजे. ग्रामीण स्थानिक इतिहासाची बरीच साधने आज अशाच घरगुती संगणकांत आहेत. ती टिकविणे हे अभ्यासकांइतकेच दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्याही हाती आहे.