विमा नसलेले वाहन : रस्त्यावरील तपासणी आणि तिचे परिणाम

भारतात सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचे, तर त्याचा निदान थर्ड पार्टी, म्हणजे त्रयस्थ पक्षाचा, विमा चालू असावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ने ही सक्ती केली आहे. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यातही ती होती, पण तिचा अंमल १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. केंद्र व राज्य सरकारच्या, व्यापारी कामाला न लावलेल्या वाहनांना यातून सूट आहे. हा करार मालक आणि विमा कंपनी यांच्यात होतो, पण तो असतो तिसऱ्याच माणसासाठी : रस्ता ओलांडणारी बाई, सायकलवरचा शाळकरी मुलगा, समोरून येणारा दुचाकीस्वार. आपल्या गाडीला पोचा पडला तर भरपाई देणारा विमा वेगळा आणि ऐच्छिक आहे. कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

नाकाबंदीत किंवा चौकात गाडी थांबवल्यावर गणवेशातील पोलिस अधिकारी लायसन, आरसी, पीयूसी यांच्याबरोबर विम्याचे प्रमाणपत्र मागू शकतो. नोव्हेंबर २०१८ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार कागदी प्रतीइतकीच मोबाइलवरील प्रत ग्राह्य धरली जाते. १ ऑक्टोबर २०२० पासून तर, माहिती संगणकावर पडताळता येत असेल तेव्हा कागदाचा आग्रह धरता येत नाही. डिजिलॉकर आणि एम-परिवहन यांमुळे ‘पेपर घरी राहिले’ ही सबब आता फारशी उरलेली नाही. तशीच पॉलिसी संपल्याची गोष्टही लपत नाही. वाहन क्रमांक टाकला की ‘वाहन’ या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतील विम्याची मुदत पोलिसांच्या हातातील यंत्रावर दिसते. पॉलिसी चालू आहे, पण त्या क्षणी दाखवता आली नाही, तर तो वेगळा आणि किरकोळ प्रकार आहे. नियमाने कागद सादर करायला १५ दिवस दिले आहेत. पॉलिसीच नसणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे. या दोन गोष्टींत गल्लत होऊन पुष्कळ वाद रस्त्यावरच पेटतात. चालू विमा असलेल्या माणसाने त्या वेळी शांतपणे मुदत मागून घ्यावी, तो त्याचा हक्क आहे.

विमा नसल्याची शिक्षा कलम १९६ मध्ये आहे. पूर्वी ती तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी होती. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला २,००० आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला ४,००० रुपये दंड झाला. कैदेची तरतूद तशीच राहिली. महाराष्ट्र सरकारने वाढीव दंडांना त्या वेळी स्थगिती दिली होती, आणि राज्यात नवे तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. तडजोड शुल्क म्हणजे न्यायालयात न जाता प्रकरण मिटवण्याची रक्कम. व्यवहारात बहुतेक प्रकरणे अशीच, ई-चलन भरून संपतात. चलन थकले तर प्रकरण न्यायालयाकडे जाते, आणि लोकअदालतीची नोटीस आल्यावर पुष्कळांना पहिल्यांदा त्याची आठवण होते.

कलमाच्या शब्दांत एक बारकावा आहे. गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही तितकाच दोषी आहे. शेजाऱ्याला ‘जरा स्टेशनवर सोडून ये’ म्हणून चावी देणारा मालक यात येतो, आणि पॉलिसी संपलेला टेम्पो ड्रायव्हरच्या हाती सोपवणारा व्यापारीही. नोकरीवर असलेल्या ड्रायव्हरला गाडीचे कागद नीट आहेत का हे विचारायची मुभा बहुधा नसते. म्हणून हा बोजा मालकावर टाकणे न्यायाचेच आहे.

गाडी जागच्या जागी जप्त होते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ देते, आणि तिथे परवान्याविना चालवणे, नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा त्याच्या अटी मोडणे यांचा उल्लेख आहे. विम्याचे कलम १४६ त्या यादीत नाही. मात्र विमा नसलेल्या गाडीचे इतर कागदही अनेकदा अपुरे असतात, आणि मग ती यार्डात जाते.

पकडले गेल्यावर लगेच ऑनलाइन पॉलिसी काढली तर पुढचा प्रवास कायदेशीर होतो, मागचा गुन्हा पुसला जात नाही. विम्याचे संरक्षण पॉलिसीवर लिहिलेल्या तारखेपासून आणि वेळेपासून सुरू होते, मागच्या तारखेपासून नाही. मुदत संपल्यानंतर ३० दिवस ‘ग्रेस’ असते, ही समजूत आयुर्विम्यावरून आलेली आहे. मोटार विम्यात मुदत संपली की संरक्षण संपले. नव्वद दिवसांत नूतनीकरण केले तर नो क्लेम बोनस तेवढा वाचतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारी बनावट पॉलिसी सर्वांत घातक, कारण मग बनावट दस्तऐवज वापरल्याचा आरोपही मागे लागू शकतो.

चौकातली पावती हा या सगळ्यातला सर्वांत हलका परिणाम आहे. खरा प्रश्न अपघात झाल्यावर उभा राहतो. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक सिद्ध झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून याहून कितीतरी मोठी रक्कम, तीही व्याजासह, ठरवू शकते. पॉलिसी चालू असेल आणि ड्रायव्हरचे लायसन सदोष निघाले, तर न्यायालये अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. पॉलिसीच नसेल, तर मध्ये कोणी उरत नाही. रक्कम मालकाच्या आणि चालकाच्या खिशातून यावी लागते. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेती, घर, बँकेतली ठेव, सारे त्याच्या कक्षेत येते. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर हुकूम हातात असूनही मृताच्या घरी पैसा पोहोचत नाही. कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबावर हा दुसरा आघात असतो, आणि विम्याची सक्ती मुळात तो टाळण्यासाठीच आहे.

हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यांना नियम करायला सांगितले : अपघातात सापडलेले विमाहीन वाहन, मालकाने भरपाईपुरते तारण दिल्याशिवाय सोडू नये. तारण न आल्यास वाहनाचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणाकडे जमा करावेत. दिल्लीत असा नियम आधीपासून होता. पोलिस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजणाऱ्या गाड्या पाहिल्या की या आदेशाचे महत्त्व कळते. तीच गाडी वेळेत विकली गेली तर निदान काही रक्कम पीडितांच्या हाती पडते.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून, न्यायालयाच्याच आदेशाने, नवीन मोटारीला तीन आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा खरेदीच्या वेळीच घेणे बंधनकारक झाले. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारी मोठी संख्या त्यामुळे जाळ्यात आली. तरीही संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवल्याप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना आहेत. जुन्या दुचाक्यांचा प्रश्न यात मोठा आहे. जून २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, अधिक वस्तू व सेवा कर. एका चलनाच्या रकमेत दोन वर्षांचा विमा बसतो.

जुनी गाडी विकताना आणखी एक गोष्ट सुटते. खरेदीदार गाडी घेऊन जातो, आरटीओत नाव बदलायचे राहते, पॉलिसीही संपते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईसाठी मालक, असे ठरवले. तेव्हा वर्षापूर्वी विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस पहिल्या मालकाच्या दारात येऊ शकते, चलनेही त्याच्याच मोबाइलवर येत राहतात. विक्रीनंतर हस्तांतरणाचे अर्ज भरून आरटीओची नोंद बदलल्याची खात्री करणे हे विकणाऱ्याचेही काम आहे, आणि विमा कंपनीला नव्या मालकाचे नाव कळवायला खरेदीदाराला कायद्याने १४ दिवस मिळतात.