परभणीची थंडी आणि आल्प्सचा बर्फ

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ. ते कुठून आलं यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात, त्यात मी पडत नाही. पण डिसेंबरात पेपरात परभणीचं तापमान छापून आलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "काय, स्वित्झर्लंड झालं म्हणे तुमचं!"

चेष्टा सोडा, आकडे बघा. २९ डिसेंबर २०१८ ला इथल्या कृषी विद्यापीठात २ अंशांची नोंद झाली. त्याआधीचा नीचांक १७ जानेवारी २००३ चा, २.८ अंश. तेराशे मीटरहून उंच महाबळेश्वर आपलं थंड हवेचं ठिकाण, आणि परभणीची उंची जेमतेम चारशे मीटर. (झुरिक शहरही साधारण एवढ्याच उंचीवर आहे!)

मग ही थंडी येते कुठून? उंचीवरून नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. त्यात उत्तरेचा वारा आला की झालंच. गार हवा जड, ती सखल जागी साचते. खुद्द स्वित्झर्लंडचा नीचांक कुठल्या शिखरावरचा नाही. ज्युरा पर्वतातल्या ला ब्रेविन नावाच्या खोलगट खोऱ्यातला आहे तो, १२ जानेवारी १९८७ चा, उणे ४१.८ अंश. म्हणजे थोडंफार नातं आहे म्हणायचं.

पण नातं तिथंच संपतं. त्यांची थंडी साठून राहते. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतो, उन्हाळ्यात वितळतो आणि र्‍हाईन ऐन उन्हात वाहती राहते. आमची थंडी सकाळी नऊला उन्हाबरोबर पसार. ज्या कोरडेपणानं डिसेंबरात हुडहुडी भरते, त्याच कोरडेपणानं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. उत्तरेला जिंतूरकडं अजिंठ्याच्या रांगा, दक्षिणेला गंगाखेडकडं बालाघाट, पण बर्फ कुठला? आमची गोदामाय त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून निघते, सगळी पावसाच्या भरवशावर. जनाबाईंच्या गंगाखेडात उन्हाळ्यात पात्र कोरडं बघायची सवय आहे लोकांना.

१९७२ च्या दुष्काळानं हे सगळ्यात कडू शिकवलं. योगायोग असा की कृषी विद्यापीठही १९७२ चंच. निजामाच्या काळात, १९१८ साली, इथं प्रयोगक्षेत्र सुरू झालेलं होतं, त्याच्यावर ते उभं राहिलं. पूर्णेवरचं येलदरी धरण १९६८ चं, पैठणचं जायकवाडी १९७६ चं. माझ्या मते हीच आमची हिमशिखरं. पावसाळ्यात भरायची आणि पुढं आठ महिने पुरवायची. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा पाथरी-मानवतकडून परभणीपर्यंत येतो. पण धरण भरणार ते नाशिक-नगरकडं पाऊस झाला तर, म्हणून दरवर्षी वरचे आणि खालचे यांची भांडणं. आल्प्सच्या बर्फावर असलं भांडण ऐकिवात नाही. मात्र तोही आता आटतोय. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत तिथल्या हिमनद्यांचा जवळजवळ दहावा हिस्सा गेला.

असो. आपल्याकडं कालव्याची पाळी सुटते ती नेमकी रब्बीत. हरभरा, गहू यांना थंडी मानवते, केळीला नाही. तिची पानं करपतात, म्हणून बागेला रात्री हलकं पाणी द्यायचं आणि बांधावर धूर करायचा. पंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. पेपरात २ अंश छापून येतात त्या रात्री कुणीतरी डोक्याला उपरणं गुंडाळून, गुडघाभर चिखलात उभं राहून बारे मोडत असतं.