गोलंदाजाचा हौद

वाशी हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील एका शाळेत विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. शाळेची सहल नुकतीच विजापूरला जाऊन आली होती. आठवीतील एका मुलीने विचारले, "मुलूखमैदान तोफेला बत्ती दिली की गोलंदाज शेजारच्या हौदात बुडी मारायचा, म्हणजे कान फुटत नसत, असे तिथल्या वाटाड्याने सांगितले. पण पाण्यातून आवाज हवेपेक्षा वेगाने जातो, असे आम्ही शिकलो आहोत. मग बुडी मारून फायदा काय?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडा इतिहास, थोडे भौतिकशास्त्र आणि स्वतःचा कान, या तिन्हींकडे पाहावे लागते.

आधी इतिहास. मुलूखमैदान ही तोफ 1549 साली अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ओतली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा आतला व्यास सुमारे 70 सेंटिमीटर आणि वजन अंदाजे 55 टन. ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती. वाशीहून भूम ओलांडून गेले की लागते तेच हे परंडे. 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती तेथून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे ती ओढत होती, असे सांगतात. आज विजापूरच्या (आताच्या विजयपुराच्या) पश्चिम तटावरील बुरुजावर ती आपल्याला दिसते.

हौदाची गोष्ट मात्र तोंडी चालत आलेली आहे. तोफेजवळ पाणी ठेवण्याला दुसरेही साधे कारण असू शकते. बार उडाल्यावर नळीत धुमसणारे कण राहतात. ते विझवले नाहीत, तर पुढची दारू भरतानाच पेट घेईल. म्हणून ओल्या बोळ्याने नळी पुसावी लागते. तेव्हा हौद केवळ कानासाठीच बांधला, असे आम्ही म्हणणार नाही. पण गोष्टीतील युक्ती विज्ञानाच्या कसोटीवर उतरते का, हे तपासायला काहीच हरकत नाही.

ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर, तर पाण्यात सुमारे 1480 मीटर असतो. म्हणजे मुलीचे म्हणणे बरोबर आहे. एकदा पाण्यात शिरलेला आवाज तेथून उत्तम प्रवास करतो. अडचण आहे ती शिरण्याची. हवा हलकी आणि सहज दबणारी, तर पाणी जड आणि जवळजवळ न दबणारे. ध्वनीला होणारा पाण्याचा विरोध हवेच्या सुमारे 3,600 पट असतो. त्यामुळे हवेतून सरळ खाली येणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी हजारात जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो आणि बाकीची ऊर्जा पृष्ठभागावरून परत फिरते. लंबापासून 13 अंशांपेक्षा जास्त तिरक्या येणाऱ्या ध्वनीचे तर जवळजवळ पूर्ण परावर्तन होते. विहिरीत पोहणाऱ्या मुलांना हे माहीतच असते. पाण्याखाली असताना काठावरची हाक ऐकू येत नाही, पण पाण्यातच दगडावर दगड आपटला तर तो टक्क ऐकू येतो.

वर्गात याचा पडताळा घेता येईल. बाकाच्या एका टोकाला कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खरवडायला सांगा. आवाज स्पष्ट येतो. कान उचलला की तो जवळजवळ नाहीसा होतो. लाकडातला आवाज हवेत फारसा उतरत नाही, हेच त्याचे कारण.

आता गंमत अशी की हाच अडथळा आपल्या कानालाही पार करावा लागतो. आवाज हवेतून येतो, पण तो ओळखणाऱ्या पेशी असतात आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत, आणि ती नळी द्रवाने भरलेली असते. कानाच्या पडद्याचे कार्यकारी क्षेत्रफळ सुमारे 55 चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या हाडाच्या तळव्याचे सुमारे 3 चौरस मिलिमीटर. मोठ्या पडद्यावरचे बल लहान तळव्यावर एकवटते, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि दाब सुमारे वीसपट वाढतो. हवेकडून द्रवाकडे जाताना होणारा तोटा कान असा बराचसा भरून काढतो. गोलंदाज पाण्यात डोके बुडवतो, तेव्हा तो पहिला अडथळा परत उभा करतो आणि हवेसाठी घडलेली ही हाडांची यंत्रणाही पाण्यात नीट चालत नाही. सुमारे 30 डेसिबेलचे संरक्षण मिळावे, असा आमचा हिशेब आहे. आजचे चांगले इअरप्लग नीट बसवले, तर साधारण तेवढेच देतात.

निसर्गाने कानाला स्वतःचा पहारेकरी दिलेला नाही का? दिला आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातील एक बारीक स्नायू रिकिबीचे हाड ताणून धरतो. पण त्याला आकसायला सेकंदाचा चाळिसावा ते दहावा भाग लागतो. बंदुकीच्या बाराचा दाबाचा झोत काही सहस्रांश सेकंदांत येऊन गेलेला असतो. पहारेकरी दार लावतो तेव्हा चोर पळालेला असतो! गोलंदाजाचे शहाणपण येथे आहे. तो बाराच्या आधी पाण्यात जातो.

हे शहाणपण सर्वांना परवडणारे नव्हते. 1782 मध्ये वेस्ट इंडीजजवळच्या आरमारी लढाईत इंग्रज सेनापती रॉडनी याच्या जहाजावरून तोफांच्या ऐंशी फैरी झडल्या आणि त्यानंतर तो चौदा दिवस बहिरा होता, अशी नोंद आहे. सेनापतीची निदान नोंद झाली. तोफेला खेटून उभ्या असलेल्या खलाशांचे कान कोणी मोजले नाहीत. बहिरेपण हा त्या धंद्याचाच भाग मानला जाई. 1907 मध्ये जर्मनीत माक्स नेगवेर याने मेण आणि कापसाचे कानात घालायचे बोळे बनवले. ते पहिल्या महायुद्धात सैनिकांपर्यंत पोहोचले. 1920 च्या दशकात डेसिबेल हे एकक आणि श्रवण मोजणारी यंत्रे आली, तेव्हा कुठे बहिरेपण आकड्यांत मांडता येऊ लागले. शंखातील लहरी कशा पुढे सरकतात हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आमचा स्वतःचा अनुभव सांगायला हरकत नाही. कॉलेजात असताना एका शिबिरात आम्ही रायफल चालवली. कानात घालायला कोणी काही दिले नाही, आम्हीही मागितले नाही. कानात दोन दिवस रातकिडे ओरडले, मग थांबले आणि आम्ही ते विसरलो. चाळिशीत श्रवणचाचणी केली, तेव्हा डाव्या कानाच्या आलेखात 4000 हर्ट्झपाशी खळगा निघाला. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. म्हणून डावा कान आधी जातो. 'सात' म्हटले की 'हात', असे आता आम्हाला गर्दीत अधूनमधून होते, कारण 'स'ची ओळख उंच वारंवारतेत असते.

रातकिडे थांबले म्हणजे कान बरा झाला, ही समजूत चुकीची आहे. शंखातील सुमारे 15,000 रोमपेशींपैकी मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. शिवाय, ऐकू येणे पूर्ववत झाले तरी पेशी आणि चेता यांचे काही जोड कायमचे तुटलेले राहतात, हे 2009 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

मोठ्यांसाठी 140 डेसिबेल ही क्षणिक आवाजाची सर्वसाधारण मर्यादा मानतात. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना 120 ची मर्यादा सुचवते. मोठ्या रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी 150 ते 165 पर्यंत जातो. आपल्याकडे फटाक्यांसाठी 1999 पासून चार मीटर अंतरावर 145 डेसिबेल ही शिखरमर्यादा आहे. म्हणजे कायद्यात बसणारा सुतळी बॉम्बसुद्धा मुलाच्या कानाला सुरक्षित असेलच असे नाही.

करायचे काय? फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट बसलेला प्लग नसल्यातच जमा. साध्या कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये, त्यातून हवा आणि आवाज दोन्ही जातात. मोठ्या रायफलीसाठी प्लगवर इअरमफही चढवावे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबेलने उतरतो. आणि बार झाल्यावर कानात शिट्टी वाजली, तर त्या दिवशी पुन्हा बार नको. ती दुसऱ्या दिवशीही वाजत असेल, तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

निघताना ती मुलगी पुन्हा आली. "हौदात एकच माणूस मावत असेल. दारू भरणारे, गोळा उचलणारे, त्यांचे काय?"

त्यांची नोंद नाही, असे आम्हाला सांगावे लागले. आज आपल्या हाती मात्र उत्तर आहे. शाळेतल्या मुलांना नेमबाजीच्या सरावाला नेताना इअरप्लग मोजून घ्यावेत, आणि मोजताना गोळी झाडणाऱ्याबरोबर शेजारच्या रांगेत वाट पाहणारी मुले, निशाण्याचे गुण लिहिणारा आणि आपण स्वतः, हे सारे धरावेत.