विम्याचे पैसे नेमके कोणाचे? पगारदार कुटुंब, विधवा आणि १८७४ चे एक कलम

१९२१ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हिंदुस्थानातील एका खटल्याचा निकाल दिला. वाद एका आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या कमाईचा होता. त्या काळी हिंदी माणसाला मिळू शकणारी सर्वांत प्रतिष्ठेची नोकरी त्याने स्वतःच्या बुद्धीवर मिळवली होती. मात्र त्या परीक्षेसाठी लागलेल्या शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबाच्या पैशातून झाला होता. न्यायाधीशांनी म्हटले की, विशेष शिक्षण कुटुंबाच्या खर्चाने झाले असेल, तर त्या शिक्षणाच्या जोरावर मिळवलेले धनही कुटुंबाचेच.

गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद या नावाने हा खटला ओळखला जातो. या निकालाने देशभरच्या वकील, डॉक्टर, प्राध्यापक आणि कारकुनांना धास्ती वाटली असल्यास नवल नाही. पगारच जर भाऊ-पुतण्यांच्या वाट्याचा ठरू शकतो, तर त्या पगारातून हप्ते भरून बायकोसाठी उतरवलेल्या आयुर्विम्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अर्धे शतक मागे जावे लागते.

हिंदुस्थानच्या भूमीवरची पहिली आयुर्विमा कंपनी म्हणजे १८१८ साली कलकत्त्यात निघालेली ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी. तिचे ग्राहक युरोपीय होते. पुढे बाबू मोतीलाल सील यांच्यासारख्यांच्या खटपटीने परदेशी कंपन्या हिंदी लोकांचे विमे घेऊ लागल्या, पण हिंदी आयुष्य हे कनिष्ठ प्रतीचे आयुष्य मानून त्यावर भरघोस जादा हप्ता लावत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास सुरुवात केली. १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ अ‍ॅश्युरन्स ही कंपनी निघाली. आमचा पैसा सरकारी रोख्यांत सुरक्षित आहे, ही ग्वाही तिच्या नावातच होती. १८८४ च्या १ फेब्रुवारीला सरकारने टपाल कर्मचाऱ्यांसाठी पोस्टल विमा सुरू केला. त्याची कमाल मर्यादा ४,००० रुपये होती. १८९४ मध्ये टपाल-तार खात्यातील नोकरदार स्त्रियांनाही तो खुला झाला, आणि तोही इतर विमा कंपन्या स्त्रियांच्या आयुष्याचा विमा घेत नसताना.

थोडक्यात, एकोणिसावे शतक संपेपर्यंत मुंबई-पुण्याच्या पगारदाराला वाजवी दरात विमा मिळू लागला होता. अडचण पुढे होती. तो मेल्यावर पैसे कोणाच्या हाती पडणार?

ज्या १८७४ साली मुंबईत ओरिएंटल निघाली, त्याच वर्षी सरकारने ‘विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा’ संमत केला. त्याचे सहावे कलम विलक्षण आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला आणि तो पत्नीच्या, किंवा पत्नी व मुलांच्या हितासाठी आहे असे विमापत्रावरच स्पष्ट नमूद केले, तर ते विमापत्र म्हणजे त्या लाभार्थींसाठीचा न्यास ठरतो. त्यावर नवऱ्याचा ताबा राहत नाही. त्याच्या सावकारांना त्याला हात लावता येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर ती रक्कम त्याच्या इस्टेटीत धरलीच जात नाही. विश्वस्त नेमलेला नसेल, तर पैसे सरकारी विश्वस्ताकडे जातात. सावकारांना बुडवण्याच्याच हेतूने विमा उतरवला असेल, तर मात्र त्यांचा हक्क शाबूत राहतो.

कर्जबाजारी होऊन मेलेल्या माणसाच्या बायकोसाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. देणेकरी दारात उभे असताना एवढी एकच रक्कम त्यांच्या हाताबाहेर राहणार होती.

पण हा कायदा ज्यांच्यासाठी सर्वांत उपयोगी ठरला असता, त्यांनाच त्याचे दार बंद होते. विवाहसमयी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन धर्माच्या असलेल्या स्त्रीला हा कायदा लागू नाही, असे दुसऱ्या कलमात लिहिले होते. म्हणजे ख्रिस्ती किंवा पारशी कारकुनाच्या पत्नीला जे संरक्षण होते, ते त्याच कचेरीत शेजारच्या मेजावर बसणाऱ्या जोशी-कुलकर्ण्यांच्या पत्नीला नव्हते. धर्मशास्त्रात ढवळाढवळ नको, हे सरकारचे धोरण यामागे होते. विधवेच्या दृष्टीने ही अलिप्तता फार महाग पडणारी होती.

ती किती महाग, हे तत्कालीन हिंदू कायदा पाहिल्यावरच उमगते. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातला पुरुष वारला, की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत विलीन होई आणि विधवेला केवळ अन्नवस्त्राचा हक्क राही. मालमत्ता स्वकष्टार्जित असली तरी मुलगा, नातू आणि पणतू हे पत्नीच्या आधीचे वारस. विम्याचे पैसे इस्टेटीत गेले, की आधी देणेकरी, मग पुरुष वारस, आणि शेवटी दिराच्या किंवा मुलाच्या मर्जीवर जगणारी विधवा, असा क्रम लागे. हप्ते भरताना पतीच्या मनात जे होते, त्याच्या अगदी उलट!

पहिली वाट मद्रास उच्च न्यायालयाने मोकळी केली. १९१३ मध्ये तेथील पूर्णपीठाने ठरवले की, सहावे कलम विमा उतरवणाऱ्या पुरुषाबद्दल बोलते, म्हणून हिंदूने पत्नीच्या हितासाठी उतरवलेल्या विम्यालाही ते लागू पडते. हा अर्थ इतर प्रांतांत पक्का नव्हता. अखेर १९२३ साली कायदेमंडळाने दुरुस्ती करून हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन पुरुषांच्या विमापत्रांना हे कलम स्पष्टपणे लागू केले. या दुरुस्तीत दोन वेगळ्या तारखा आढळतात. मद्रास प्रांतात ३१ डिसेंबर १९१३ नंतरची विमापत्रे, आणि उरलेल्या देशात १ एप्रिल १९२३ नंतरची. एका न्यायालयाच्या निकालाची खूण अशी कायद्याच्या मजकुरातच कायमची उमटून राहिली.

याच १९२३ साली कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदाही झाला. गिरणीत किंवा रेल्वेत काम करताना कामगार दगावला, तर मालकाने द्यायच्या रकमेचे माप त्यात ठरवून दिले होते. प्रौढ कामगाराच्या बाबतीत ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. ही रक्कम आयुक्ताकडे जमा होई, तो ती अवलंबितांत वाटून देई आणि तिच्यावर सावकाराची जप्ती येऊ शकत नसे. विम्याच्या कलमाशी या कायद्याचे साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे पैसा मृताच्या इस्टेटीला वळसा घालून थेट चुलीपर्यंत पोहोचतो.

तीस महिन्यांच्या या मापाने दुसरा प्रश्नही उभा केला. माणूस गेल्यावर कुटुंबाला किती पैसा पुरे? वरच्या कायद्याने अडीच वर्षे धरली होती. पगारदारांच्या घरी मात्र विम्याचा आकडा बहुधा हप्ता किती झेपतो यावरून ठरे. अमेरिकेत सॉलोमन ह्यूबनर या प्राध्यापकाने १९२० च्या दशकात हा विचार उलटा केला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये शिकवणाऱ्या ह्यूबनरचे म्हणणे असे की, यंत्राची किंमत जशी त्याच्या पुढील उत्पन्नावरून ठरते, तशी कमावत्या माणसाचीही ठरवता येते. पुढील सर्व वर्षांची कमाई घ्यावी, त्यातून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेचे आजचे मोल काढावे. हेच त्याचे ‘मानवी जीवनमूल्य’.

हे माप त्या काळच्या एखाद्या मराठी कारकुनाला लावून पाहावे. समजा, वय ३५, पगार महिना ६० रुपये, पैकी स्वतःवर १५ खर्च होतात आणि ४५ रुपयांवर घर चालते. निवृत्ती ५५ व्या वर्षी. म्हणजे कुटुंबाच्या वाट्याला वर्षाला ५४० प्रमाणे वीस वर्षांत १०,८०० रुपये. चार टक्के व्याज धरले, तर आज हाती असायला हवी अशी रक्कम सुमारे ७,३०० रुपये. त्याने हजार रुपयांचा विमा उतरवलेला असेल, तर घर बावीस महिने चालेल. थोरला मुलगा तेव्हा मराठी शाळेत असला, तर त्याचे इंग्रजी शिक्षण सुरू होण्याआधीच पैसे संपतील. शिवाय विम्याची रक्कम रुपयांत गोठलेली. दुसऱ्या महायुद्धात भाव दुपटीहून अधिक वाढले, तेव्हा १९३० च्या आसपास ‘पुरेशी’ वाटलेली रक्कम निम्मीही उरली नाही.

बचत आणि संरक्षण एकाच विमापत्रात हवे, या आग्रहाचाही यात वाटा होता. मुदतीअखेर पैसे परत देणाऱ्या विम्याचा हप्ता मोठा, म्हणून तेवढ्याच पैशांत मिळणारी रक्कम लहान. केवळ मृत्यूवर पैसे देणाऱ्या मुदतविम्यात तेवढ्याच हप्त्याला कितीतरी मोठे संरक्षण मिळते. पण जिवंत राहिल्यावर काहीच हाती येत नाही, हे काटकसरी मध्यमवर्गाला पटणे कठीण होते. त्यात अविवेक होता असेही म्हणता येत नाही. ज्याच्या नोकरीला निवृत्तिवेतन नव्हते, त्याला स्वतःच्या म्हातारपणाचीही धास्ती होतीच.

दरम्यान, घराचा कायदा बदलत होता आणि त्यात मराठी नावे ठळक आहेत. शिक्षणाच्या जोरावर मिळवलेली कमाई ही मिळवणाऱ्याचीच, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, असे सांगणारा कायदा १९३० मध्ये झाला. तो मांडला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी. १९२१ च्या निकालाला दिलेले हे उत्तर होते. १९३७ मध्ये डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा आला आणि विधवेला पतीच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळू लागला. हा हक्क हयातीपुरता मर्यादित होता, तरी दिराच्या मर्जीपेक्षा तो केव्हाही भक्कम.

आता धोका कंपन्यांचा होता. स्वदेशीच्या लाटेने विमा कंपन्यांचे पीक आले. साताऱ्यात १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी काढलेली वेस्टर्न इंडिया लाइफ ही त्याच काळातली. १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे दर विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे सक्तीचे झाले होते, तरीही डळमळीत पायाच्या कित्येक कंपन्या बुडाल्या. १९३८ पर्यंत देशात १७६ कंपन्या झाल्या होत्या. त्या वर्षीच्या विमा कायद्याने सर्वांवर कडक देखरेख आणली आणि विमाधारकाला नामनिर्देशनाची, म्हणजे ‘नॉमिनी’ नेमण्याची सोय दिली.

पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी नभोवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. दालमिया उद्योगसमूहाच्या ताब्यातील भारत इन्शुरन्समधल्या गैरव्यवहारावर फिरोझ गांधींनी लोकसभेत तोफ डागून जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. एकूण २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. कायद्याच्या ३७ व्या कलमाने विम्याच्या रकमेला केंद्र सरकारची हमी मिळाली. महामंडळ उभे राहीपर्यंत देशमुख मंत्रिमंडळात नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला.

एक गैरसमज मात्र टिकून राहिला. नॉमिनी म्हणजेच मालक, असे घरोघरी धरले जाई. १९८३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या आई आणि पत्नी यांच्यातील एका खटल्यात स्पष्ट केले की, नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा हात आहे आणि रकमेवरील हक्क वारसा कायद्याप्रमाणे सर्व वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीने यात बदल केला. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम आता त्यांच्याच हक्काची ठरते.

१८७४ चे सहावे कलम अजून जिवंत आहे. विम्याच्या प्रस्ताव-अर्जात त्या कायद्याचा उल्लेख असलेला एक रकाना असतो. तो विमा घेतानाच भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही. तो भरलेल्या विमापत्राला नामनिर्देशनाचे कलम लागत नाही, आणि लाभार्थींच्या संमतीवाचून पतीला त्यावर कर्जही काढता येत नाही.