देव बाळंत होतो तेव्हा

‘गॉड गिव्हिंग बर्थ’ या चित्राचं नाव मराठीत आणताना क्रियापदापाशी अडायला होतं. ‘देव बाळंत होतोय’ म्हटलं तर ऐकणारा हसतो. ‘देवी बाळंत होतेय’ म्हटलं तर कुणाला काहीच वाटत नाही. आपल्याकडे देवी पुष्कळ आहेत, त्यात आणखी एक. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे मोनिका श्योला ही पळवाट मिळाली. तिनं ‘गॉडेस’ न लिहिता ‘गॉड’ लिहिलं आणि ती अक्षरं चित्रावरच रंगवली. सगळा तंटा त्या एका शब्दाचा होता.

मोनिका श्यो १९३८ साली स्वीडनमध्ये जन्मली आणि आयुष्याचा बराच काळ इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला राहिली. १९६८ सालचं हे चित्र माणसाएवढ्या उंचीचं आहे. काळ्या अवकाशात ग्रहगोल आहेत, मधोमध एक स्त्री समोर बघत उभी आहे. तिचा अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा. मांड्यांमधून बाळाचं डोकं बाहेर आलेलं. वेदनेचा आरडाओरडा नाही, बाळंतिणीची दमलेली गोड मुद्राही नाही. ती नुसती बघते.

हे चित्र अश्मयुगातून आलेलं नाही, ते १९६१ सालातून आलं आहे. त्या वर्षी मोनिकाचा दुसरा मुलगा घरीच जन्मला, आणि त्या कळांमध्ये आपल्याला आदिमातेची ओळख झाली, असं तिनं पुढे वेळोवेळी सांगितलं. तो अनुभव रंगात यायला सात वर्षं लागली. बाळंतपण हा युरोपीय चित्रकलेचा विषय नव्हताच असं नाही. पण तिथे जन्मलेलं बाळ दिसतं, जन्म घडताना दिसत नाही.

१९७० साली सेंट आइव्ह्जच्या कला महोत्सवातून हे चित्र उतरवण्यात आलं. १९७३ साली लंडनच्या स्विस कॉटेज ग्रंथालयात पाच स्त्री-चित्रकारांच्या प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा अश्लीलता आणि ईश्वरनिंदा अशी तक्रार पोलिसांकडे गेली. खटला उभा राहिला नाही. पण ईश्वरनिंदेचा कायदा तेव्हा नुसता कागदावर होता असं समजू नये. १९७७ साली एका कवितेवरून ‘गे न्यूज’ या नियतकालिकाच्या संपादकाला लंडनच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. इंग्लंडमध्ये तो कायदा रद्द व्हायला २००८ साल उजाडलं.

अशा वेळी माणूस आधार शोधतो. मोनिकाला तो पेगन धर्मात सापडला. ‘पेगन’ या लॅटिन शब्दाचा जुना अर्थ खेड्यातला माणूस. ब्रिटनमध्ये १९५१ साली चेटूकविरोधी जुना कायदा गेला, १९५४ साली जेराल्ड गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ निघालं आणि ख्रिस्तपूर्व धर्म लपूनछपून टिकून राहिला होता ही कल्पना लोकप्रिय झाली. मोनिकानं त्यात आपली भर घातली: जगभर आधी एकच महामाता होती, पुरुषसत्तेनं तिला गाडलं. बार्बरा मोरसोबत लिहिलेलं तिचं ‘द ग्रेट कॉस्मिक मदर’ (१९८७) हे जाडजूड पुस्तक याच प्रतिपादनाचं आहे.

इतिहास म्हणून हे मला पटत नाही. योगायोग असा, की १९६८ सालीच पीटर उको या पुरातत्त्वज्ञानं क्रीट आणि इजिप्तच्या मातीच्या बाहुल्या तपासून, प्रत्येक स्त्रीमूर्ती म्हणजे मातृदेवता हा समज चुकीचा असल्याचं दाखवलं होतं. गार्डनरचा धर्म विसाव्या शतकातच घडला, हे रोनाल्ड हटननं १९९९ साली सविस्तर मांडलं. मोनिका ज्या सिल्बरी टेकडीला देवीचं गरोदर पोट मानत होती, ती सुमारे ४,४०० वर्षांपूर्वी माणसांनी रचलेली आहे एवढं नक्की. आत खणून पाहिलं तर ना थडगं निघालं ना खजिना. पण म्हणून चित्र खोटं पडत नाही. चित्राला पुराव्याची गरज नव्हती, चित्रकर्तीला होती. स्वतःच्या बाळंतपणाला ‘देव’ म्हणायचं, तर पाठीशी हजारो वर्षं उभी असलेली बरी.

आपल्याकडे ती हजारो वर्षं आयतीच आहेत, म्हणून आपण सुटतो असं नाही. मी राहतो त्या तेलंगणात आलमपूरच्या संग्रहालयात लज्जागौरी आहे. मराठवाड्यात तेर आणि भोकरदनलाही अशा मूर्ती सापडल्या. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’मुळे मराठी वाचकाला त्या परक्या नाहीत. पाय फाकलेले, शिराच्या जागी कमळ. तिला चेहरा नाही, म्हणूनच ती कुणाचीही असू शकते आणि तिच्याकडे बाया मूल मागू शकतात. मोनिकाच्या बाईला चेहरा आहे. तिच्याकडे काही मागायचं धाडस होत नाही. आणि पंढरीचा विठोबा? त्याला आपण माउली म्हणतो, विठाई म्हणतो, त्याची माया घेतो. कळा मात्र त्याला कुणी देत नाही.

१९८५ साली मोनिकाचा धाकटा, पंधरा वर्षांचा मुलगा फ्रान्समध्ये मोटारीखाली सापडून गेला. दोन वर्षांनी थोरला कर्करोगानं गेला. जन्म देणाऱ्या देवाबद्दल इतकं लिहिलेल्या बाईपुढे आता दुसरीच बाजू होती. आजार माणूस स्वतःच्या विचारांतून ओढवून घेतो, मृत्यू हा नुसता भ्रम, असं सांगणारे ‘न्यू एज’वाले तेव्हा भोवती पुष्कळ होते. त्यांच्यावर तिनं ‘न्यू एज अँड आर्मागेडन’ (१९९२) हे संतापलेलं पुस्तक लिहिलं. तिच्या महामातेच्या सिद्धांतापेक्षा हा संताप मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात ती कुठल्याच पुरातन काळाची साक्ष काढत बसत नाही. पुढच्या चित्रांत तिनं उभ्या शिळा रंगवल्या, काळोखी माता रंगवल्या, आणि गेलेली मुलंही रंगवली.

ती २००५ साली वारली. ‘गॉड गिव्हिंग बर्थ’ आता उत्तर स्वीडनमध्ये, शेलेफ्टेओच्या आना नुर्डलांडर संग्रहालयात आहे. २०२३ साली स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझीटनं तिचं मोठं प्रदर्शन भरवलं; तिथून ते ऑक्सफर्डला गेलं. पन्नास वर्षांपूर्वी जिथे पोलिसांत तक्रार झाली, त्या लंडनपासून ऑक्सफर्ड रेल्वेनं तासाभरावर आहे.